खोली बदलण्याआधी गोळीची सोय: कोल्हापुरात एआरटी चालू असणाऱ्यांसाठी

एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधोपचार. त्याची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. दिवसातून एकदाच घ्यायची असते, आणि आता बहुतेकांना चालू असलेल्या टीएलडी या गोळीचा जुन्या औषधांइतका त्रासही होत नाही. तरी डोस सुटतात. केंद्रावर कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "विसरलो मॅडम." जरा बसून बोललं की वेगळंच कळतं. त्याच आठवड्यात घरमालकानं खोली खाली करायला लावलेली असते, नाहीतर सासऱ्यांनी सामान अंगणात काढलेलं असतं, किंवा ऊसतोडीची टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. गोळीची बाटली जुन्या खोलीच्या कोनाड्यात राहते, आणि परत जाऊन ती मागायची तर काय सांगायचं हा प्रश्न पडतो.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. राहण्याची जागा बदलणं ही उपचारातलीच घटना समजा. टेम्पोवाल्याला फोन करण्याआधी एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला फोन करा. पुढचं सगळं याच बेतानं लिहिलं आहे.

अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या घरासाठी केंद्र सरकारनं वेगळा निधी ठेवला, कारण छप्पर गेलं की औषधही जातं हे तिथं डोळ्यांसमोर दिसत होतं. आपल्याकडे २००४ पासून औषध मोफत आहे, पण घरासाठी अशी वेगळी योजना नाही. त्यामुळं ही जुळवाजुळव ज्याची त्यालाच करावी लागते.

आधी हिशेब समजून घ्या

महिन्याच्या बाटलीत ३० गोळ्या असतात. उपचार नीट चालू आहे असं म्हणायला ९५ टक्के गोळ्या वेळेवर पोटात जायला हव्यात. म्हणजे महिन्यात एखादी सुटली तर निभावतं, दोन सुटल्या की तुम्ही रेषेच्या खाली. खोली बदलताना तीन-चार दिवस बाटली सापडली नाही, तर त्या महिन्याचा हिशेब तिथंच बिघडतो.

टीएलडी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एका गोळीत. डोल्युटेग्रॅव्हिर दमदार औषध आहे. एखादा डोस चुकला म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. पण गोळ्या पूर्ण थांबल्या तर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढू लागतो. ज्यांना सोबत हिपॅटायटिस बी आहे त्यांनी तर अजिबात खंड पडू देऊ नये. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या आजारालाही दाबून ठेवतात, आणि अचानक बंद केल्यास यकृत एकदम सुजू शकतं.

डोस सुटला तर आठवण झाल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सुटलेला सोडून द्या आणि पुढचा नेहमीच्या वेळी घ्या. भरपाई म्हणून एकदम दोन गोळ्या घेऊ नका.

व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची, तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे लग्न झालेल्यांनी आणि ठरलेल्यांनी दोघांनी मिळून समजून घ्यावं.

पहिलं काम: नवा पत्ता आणि नंबर केंद्राला कळवा

हे सर्वांत सोपं काम आहे आणि सर्वांत जास्त राहून जाणारंही. याचा एक तोटा कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही तारखेला आला नाहीत की केंद्र आधी फोन करतं. फोन बंद लागला, रिचार्ज न केल्यानं नंबर गेलेला असला, की यादी बाहेर फिरणाऱ्या कार्यकर्त्याकडे जाते. तो बिचारा नोंदीतल्या पत्त्यावर जातो, म्हणजे तुमच्या जुन्या खोलीवर. तिथं तो आजाराचं नाव काढणार नाही, तसं शिकवलेलंच असतं. पण "ते कुठं राहायला गेले?" एवढं जरी विचारलं तरी जुन्या घरमालकाच्या डोक्यात भुंगा शिरतो. गुपित सांभाळायचं म्हणून पत्ता न कळवणारा माणूस असाच उघडा पडतो.

तेव्हा समुपदेशकाला स्पष्ट सांगा: हा नवा नंबर, हा पत्ता, घरी कुणी येऊ नये, फोन अमुक वेळेतच करावा, दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणावं. हे सगळं नोंदवून घेता येतं. विश्वासातल्या एका माणसाचा नंबरही देऊन ठेवा.

दुसरं काम: केंद्र बदलायचं की तेच ठेवायचं

शहरातल्या शहरात, म्हणजे मंगळवार पेठेतून कसबा बावड्याला जात असाल तर काही बदलायची गरज नाही. सीपीआरचं, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातलं, एआरटी केंद्र तुम्हाला तेवढंच जवळ. जिल्ह्यातल्या लांबच्या तालुक्यात जाणार असाल तर तिथल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात लिंक एआरटी सेंटर आहे का ते विचारा. गोळ्या तिथून घ्यायच्या, मोठ्या तपासण्यांपुरतं मुख्य केंद्रावर यायचं, अशी सोय लागू शकते. ज्यांची तब्येत आणि व्हायरल लोड स्थिर आहे त्यांना एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्याही मिळू शकतात. राहण्याचं ठिकाण हलणार आहे हे त्यासाठी मागणी करायला चांगलं कारण आहे. संकोच करू नका.

कायमचं दुसऱ्या जिल्ह्यात चाललात तर 'ट्रान्सफर आऊट' करून घ्या आणि तसा कागद हातात घेऊनच निघा. काही आठवड्यांपुरतं जाणार असाल तर ट्रान्सफर नको. तिथल्या केंद्रावर वाटेतला रुग्ण म्हणून तात्पुरत्या गोळ्या मिळतात, फक्त ग्रीन बुक (केंद्रानं दिलेली उपचाराची वही) आणि एआरटी नंबर (तुमचा नोंदणी क्रमांक) लागतो. निपाणी-चिक्कोडीकडे गेलात म्हणजे राज्य बदललं, पण कार्यक्रम नॅकोचाच, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचाच, आणि टीएलडी तिकडंही तीच.

ग्रीन बुकच्या पहिल्या पानाचा आणि शेवटच्या नोंदीच्या पानाचा फोटो काढा. फोटो गॅलरीत ठेवू नका, पोरं मोबाइल घेऊन बसतात. लॉक असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. नाहीच जमलं तर एआरटी नंबर तेवढा 'गॅस कनेक्शन' अशा काहीतरी नावानं सेव्ह करा.

काही जण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबचं केंद्र धरतात. कोल्हापूरचा माणूस मिरजेला, मिरजेचा कोल्हापूरला. मला यात चूक वाटत नाही, मन शांत असेल तर माणूस तारीख पाळतो. फक्त पावसाळ्यात हे गणित कोलमडतं, त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

तिसरं काम: खोली बघताना काय बघायचं

भाडं आणि पाणी सगळेच बघतात. तुम्हाला आणखी चार गोष्टी बघायच्या आहेत: कुलूप लागणारं एखादं कपाट किंवा ट्रंक ठेवायला जागा, गोळी घेताना दोन मिनिटांचा एकांत, एसटी किंवा केएमटीचा (शहर बसचा) थांबा चालत जाण्याच्या अंतरावर, आणि पुराची रेषा. घरमालक त्याच वाड्यात राहतो का हेही बघावं. राहत असेल तर वाईटच असं नाही, अडीअडचणीला तोच धावतो. पण रोजचं येणं-जाणं, औषधं, दवाखाना सगळं त्याच्या नजरेखालून जातं.

करार करून घ्या. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नं नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. "आपल्यात कशाला कागद, पाव्हणं?" असं गोड बोलून टाळणारे भेटतात. त्यांना गोडीनंच सांगा की कंपनीत पत्त्याचा पुरावा मागतात. पोलीस पडताळणीच्या अर्जात तुमच्या तब्येतीचा रकाना नसतो.

घरमालकाला एचआयव्हीबद्दल सांगायचं का? कायद्यानं तुमच्यावर तसं बंधन नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. न्यायालयाचा आदेश सोडला तर स्वतःची स्थिती उघड करायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही. माझं मत विचाराल तर सांगू नका. एका छताखाली राहण्यानं, एक संडास वापरण्यानं, डास चावल्यानं, ताटवाटीतून हा विषाणू जात नाही, त्यामुळं त्याच्यापासून काही लपवून तुम्ही त्याला धोक्यात घालत नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या मित्राला सांगायचं की नाही हा वेगळा प्रश्न. ते माणूस बघून ठरवा.

चौथं काम: चार माणसांच्या खोलीत गोळी सांभाळणं

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या पोरांच्या खोल्या बघितल्यात तर अडचण लगेच कळते. उचगावातली एक खोली सांगतो. दहा बाय बाराची, वर पत्रा, भिंतीला प्रत्येकाची एक खुंटी, खाली प्रत्येकाची एक ट्रंक. दोघं झोपलेले, दोघं शिफ्टला. इथं गोळी लपवण्यापेक्षा तिचा आवाज लपवणं अवघड. प्लॅस्टिकच्या बाटलीत तीस गोळ्या, झाकण फिरवलं की खुळखुळ, आणि झोपलेला डोळा उघडून विचारतो, "काय खाताय रोज?" तिथल्या एकानं बाटली जुन्या पायमोज्यात घालून ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवायला सुरुवात केली, तेव्हा आवाज बंद झाला. उपाय साधा आहे, पण त्या खोलीत तोच चालला.

बरेच जण आवाज आणि लेबल दोन्ही टाळायला गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवतात. तसं करू नका. या गोळ्यांना दमट हवा सोसत नाही, म्हणून तर बाटलीत ओल शोषणारी छोटी पुडी टाकलेली असते. ती फेकू नका, आणि खाऊही नका. सात दिवसांच्या गोळ्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत काढून रोजच्या पिशवीत ठेवायला हरकत नाही, बाकीच्या मूळ बाटलीतच राहू द्या. लेबल काढणारच असाल तर आधी त्याचा फोटो घ्या, त्यावर मुदत संपण्याची तारीख असते.

उष्णताही बघा. गोळी ३० अंशांच्या आत ठेवायला सांगतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, फळीवर अगदी पत्र्याला लागून ठेवलेली बाटली भाजून निघते. जमिनीलगत, चुलीपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. माठाजवळ गार असतं खरं, पण तिथं ओल असते.

आता वेळेचं. शिफ्ट दर आठवड्याला फिरते, आणि "रात्री जेवल्यावर" ही वेळ तिथंच फसते. शिफ्ट साधारण सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा असतील तर सकाळी सातच्या आगेमागेची वेळ तिन्हींत बसते. पहिल्या पाळीला गेटच्या आत जाण्याआधी चहाबरोबर, दुसऱ्या पाळीत उठल्यावर खोलीवर, आणि रात्रपाळी सुटली की बाहेर पडल्यावर. टीएलडी जेवणाआधी घेतली काय किंवा नंतर, फरक पडत नाही. डोल्युटेग्रॅव्हिरनं काही जणांना रात्री झोप लागत नाही, त्यांनाही सकाळच बरी. वेळ बदलायची असेल तर आधी समुपदेशकाशी बोलून घ्या.

विचारणाऱ्याला काय सांगायचं तेही ठरवून ठेवा. कारण एकच असावं आणि सगळ्यांना तेच. बरेच जण बीपी सांगतात, मग कुणीतरी यंत्र घेऊन मापायला बसतं. थायरॉईड बरं: रोज सकाळी एक गोळी, वर्षानुवर्षं, हे त्यात बसतं. "थायरॉईड? ते बायकांचं असतंय न्हवं?" असं एखादा म्हणेल. "बाप्यांना बी हुतंय" एवढं उत्तर पुरतं, आणि ते खरंही आहे.

डॉक्टरला मात्र खरंच सांगा. पित्तावरच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ औषधामुळं किंवा चघळायच्या गोळ्यांमुळं डोल्युटेग्रॅव्हिर पोटातून रक्तात नीट जात नाही. अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर एआरटीची गोळी घ्या. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम. जेवणाबरोबर घेतल्या तर मात्र त्या आणि एआरटी एकत्र चालतात. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याचा डोस जपून ठरवावा लागतो. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. गर्दीच्या, कोंदट खोलीत राहणाऱ्यांनी टीबीकडे डोळेझाक करूच नये. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता केंद्रावर जा.

ऊसतोडीच्या आणि हंगामी कामाच्या माणसांसाठी

बीड-धाराशिवकडून (पूर्वीचं उस्मानाबाद) येणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगलीच्या कारखान्यांवर उतरतात आणि मार्चच्या आसपास परततात. मधले महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. कोपीला दार नसतं, मग कुलूप कुठलं? गावाहून निघतानाच आपल्या केंद्रावर सांगून तीन महिन्यांच्या गोळ्या मागा आणि कुठल्या कारखान्याला जाणार तेही सांगा. म्हणजे तिथलं जवळचं केंद्र कुठलं हे समुपदेशक शोधून देतील. बाटली बैलगाडीच्या सामानात टाकू नका. अंगावरच्या पिशवीत ठेवा, म्हणजे फड बदलला तरी गोळी तुमच्याबरोबर.

मुकादमाला सुट्टी मागताना "दवाखान्याची तारीख" एवढंच सांगा. गोळी आणायचा दिवस आणि कारखान्याचा पगाराचा किंवा बाजाराचा दिवस एकच ठेवता आला तर तोडीचा खाडा होत नाही.

पावसाळा: पंचगंगेच्या पातळीकडे लक्ष

कोल्हापुरात घर अस्थिर करणारी एक गोष्ट दर पावसाळ्यात ठरलेली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूरु महामार्ग पाण्याखाली गेला. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, आंबेवाडी-चिखली आणि शिरोळ तालुक्यातली गावं, इथल्या लोकांना हे सांगायला नको.

मात्र ३९ फुटांची बातमी आली की बाटली तपासायची सवय अजून कमीच लोकांना आहे. जूनच्या तारखेला समुपदेशकाला सांगा की तुमचं घर पूररेषेत आहे, आणि पंधरा-वीस दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या मागून घ्या. एका झिपच्या पिशवीत बाटली, ग्रीन बुक, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि करार घालून ती खुंटीला टांगून ठेवा. पाणी रात्री येतं, आणि रात्री माणूस आधी टीव्ही उचलतो.

शाळेतल्या किंवा कार्यालयातल्या निवारा छावणीत गेलात तर पिशवी उशाखाली. तिथल्या आरोग्य पथकाकडं एआरटी असेलच असं नाही, पण त्यांना बाजूला घेऊन सांगितलंत तर केंद्राशी संपर्क करून देतील. बाटली वाहून गेली असेल तर पाणी ओसरायची वाट बघू नका. रस्ता ज्या बाजूनं उघडा असेल तिकडच्या एआरटी केंद्रावर जा, एआरटी नंबर सांगा. मिरजेचं केंद्र धरलेल्या कोल्हापूरकरानं पुरात सीपीआरलाच जावं. लाज बाळगून दहा दिवस गोळीवाचून काढू नयेत.

घरातून काढलं, किंवा काढतो म्हणाले तर

हा भाग शांत डोक्यानं वाचा, वेळ आली की डोकं शांत राहत नाही.

त्या दिवशी करायचं ते एवढंच: गोळ्या आणि कागद ताब्यात घ्या, आणि रात्रीची सोय बघा. भांडण उद्या. मारहाण होत असेल, सामान रस्त्यावर टाकत असतील तर ११२. बाईला घरातून काढलं असेल तर १८१, किंवा जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, तिथं तात्पुरतं राहता येतं, पोलीस आणि वकिलाची मदतही मिळते. एकट्या पुरुषाला महानगरपालिकेचं शहरी बेघर निवारा केंद्र हा पर्याय आहे. तिथं वाटतं तितकं वाईट नसतं. रात्र एसटी स्टँडवर काढण्यापेक्षा बरंच, कारण स्टँडवर पिशवी चोरीला जाते आणि गोळ्या तिच्याबरोबर.

मग कायदा. २०१७ च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे एचआयव्हीमुळं कुणाला घर भाड्यानं नाकारणं, राहत्या घरातून काढणं किंवा राहण्याबाबत वेगळी वागणूक देणं हा भेदभाव आहे आणि तो करायला मनाई आहे. तक्रार राज्यानं नेमलेल्या लोकपालाकडे करता येते, त्यानं ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. न्यायालयात गेलात तर नाव उघड न करता, टोपणनावानं प्रकरण चालवण्याची मागणी करता येते. घरमालक वीज-पाणी तोडून हैराण करत असेल तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे. कायदेशीर मार्गाशिवाय बळजबरीनं ताबा काढून घेतला असेल तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं मोफत वकील मागा, फोनवर १५१००. एचआयव्हीबद्दल कुठलीही विचारपूस करायची तर नॅकोची मोफत हेल्पलाइन १०९७.

पुरावा लागेल. घरमालक तोंडी बोलतो, म्हणून त्याला साधा व्हॉट्सॲप मेसेज करा: "काका, तुम्ही आज खोली खाली करायला सांगितलंत, कारण काय ते कळवा." उत्तर आलं तरी उपयोग, नाही आलं तरी तुमच्याकडून तारखेची नोंद राहते. त्या मेसेजमध्ये आजाराचं नाव स्वतःहून लिहू नका.

एवढं सगळं असलं तरी बहुतेक माणसं लढत नाहीत. गल्लीत नाव फुटलंय, आता तिथं राहण्यातच जीव रमत नाही, असं त्यांना वाटतं. मी त्यांना भित्रं म्हणणार नाही. निघायचंच असेल तर निदान फुकट निघू नका. पंधरा दिवसांची मुदत आणि पूर्ण डिपॉझिट, या दोन गोष्टी पदरात पाडून घ्या. कायद्याचं नाव शांतपणे काढलं की बहुतेक घरमालक या दोन गोष्टींना तयार होतात, त्यांनाही चावडीवर विषय नको असतो.

सासरच्या घराचं वेगळं. नवरा गेल्यावर, बऱ्याचदा तिला त्याच्याकडूनच लागण झालेली असताना, सुनेला "माहेरी जा" म्हणतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्या नावावर आहे याचा तिथं संबंध नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानंही घरात राहण्याचा हक्क दिला आहे. माहेरी जायचंच ठरलं तर आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे, ती घर सोडून गेली म्हणून तिचा हिस्सा जात नाही. पण कागद नसेल तर दोन वर्षांनी सातबाऱ्यावर दिरांचीच नावं दिसतात.

भाडं भरायला आणि केंद्रावर यायला पैसा

इथं माझा एक नियम आहे: ज्या सवलतीला आजाराचं नाव सांगावं लागत नाही, ती आधी घ्या. एसटीत एचआयव्हीग्रस्तांसाठी प्रवास सवलत आहे, पण कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं, आणि गावच्या गाडीवरचा कंडक्टर गावचाच असतो. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. तेवढ्यात भागत असेल तर ओळख द्यायची गरज नाही. पुरुषांना मात्र तो हिशेब मांडावा लागतो: लांबून येत असाल तर सवलत घ्या, गंगावेशीतून येत असाल तर सोडा.

संजय गांधी निराधार योजनेचंही तसंच. दरमहा १,५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. त्यात एचआयव्हीग्रस्त हा गट आहे, आणि निराधार विधवा हाही आहे. विधवा बाईनं दुसऱ्या गटातून अर्ज केला तर रक्कम तेवढीच मिळते आणि गावातल्या यादीत आजाराचा शेरा येत नाही. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपये आहेत, त्याची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करा. हे पैसे आले की त्यातून आधी खोलीचं भाडं बाजूला काढा. भाडं थकलं की घरमालकाला बाहेर काढायला आजाराचं कारण शोधावंच लागत नाही.

मधे खंड पडला असेल तर

दोन महिने गेले, चार गेले, वर्ष गेलं, तरी केंद्रावर जा. नोंद तशीच असते. ओरडतील या भीतीनं लोक येत नाहीत, आणि एखादं कुणी फणकाऱ्यानं बोलतंही, हे मी नाकारत नाही. ऐकून घ्या आणि समुपदेशकाला खरं कारण सांगा: खोली गेली होती, पत्ता नव्हता. "विसरलो" म्हणालात तर ते तुम्हाला घड्याळाचा गजर लावायला शिकवतील. खोली गेली होती म्हणालात तर तीन महिन्यांच्या गोळ्या, जवळचं लिंक सेंटर आणि नव्या फोन नंबरची नोंद यावर बोलणं होईल.

खंडानंतर घरी उरलेली जुनी बाटली काढून स्वतःच सुरू करू नका. आधी टीबीची तपासणी आणि रक्त होऊ द्या, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करा. जाताना ती बाटली उरलेल्या गोळ्यांसकट बरोबर घ्या. किती गोळ्या राहिल्या ते मोजून मधल्या काळाचा अंदाज त्यांना येतो, आणि तुम्हाला तारखा आठवत बसावं लागत नाही.